चमकी कोणती घ्यायची? पिठासारखी, रव्यासारखी की साखरेसारखी?

लग्नसराई जवळ आली की रुखवताची, बाशिंगाची कामं गटांकडे येतात. त्यात अवघड काम म्हणजे जुन्यासारखी हुबेहूब वस्तू करून देणं.

मागच्या वर्षी विट्याच्या एका ताईंनी सासूबाईंच्या हातचं भेंडाचं बाशिंग आणलं. "लेकाच्या लग्नात अगदी असंच पाहिजे," म्हणाल्या. आम्ही साताऱ्याच्या बाजारातून सगळ्यात झगझगीत चमकी आणून लावली. वेलबुट्टीच्या कडाच दिसेनाशा झाल्या. बांधून बघताना कण मुलाच्या पापणीवर पडले. ताईंनी बाशिंग परत केलं. साहित्य आणि चार दिवसांची मेहनत आमच्या अंगावर पडली. रंग बरोबर होता, चुकला तो कणाचा आकार.

चमकीच्या पुडीवर कधी कधी इंचाच्या भागात आकार लिहितात. १/१२८ म्हणजे साधारण ०.२ मिलिमीटर, ही पिठासारखी. १/६४ म्हणजे ०.४, रव्यासारखी. १/२४ म्हणजे १ मिलिमीटर, साखरेसारखी. बारीक चमकी सलग तकाकी देते, म्हणून पाकळ्या आणि बारीक रेषांना तीच घ्या. जाड चमकीचा कण न् कण वेगळा लुकलुकतो. ती रुंद काठाला शोभते, पण तिला डिंक जाड लागतो, मधून खालचा रंग दिसतो आणि ती लवकर झडते.

जुन्या वस्तूचं माप असं काढा. वस्तू पांढऱ्या कागदावर हलकेच झटका. पडलेले कण टाचणीने पट्टीलगत ओळीत लावा. एका सेंटीमीटरमध्ये दहा बसले तर कण १ मिलिमीटरचा, पंचवीस बसले तर ०.४ चा. भिंग असेल तर उत्तम. कण वेडेवाकडे, कात्रीने कापल्यासारखे दिसले तर ती चमकी नसून बेगड असेल. मग बेगडच कापून लावा, चमकीने तो साज येत नाही.

आता नमुना करा. पुठ्ठ्याच्या तीन तुकड्यांवर तीन आकार लावा, रात्रभर वाळू द्या. सकाळी उन्हात आणि रात्री दिव्याखाली, जुन्या वस्तूशेजारी ठेवून चार पावलांवरून बघा. मग बोटाने घासा. झडते ती कपाळावर बांधायच्या वस्तूला नको, कण डोळ्यात गेला तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो.

आणखी एक. ही चमकी प्लास्टिकची असते. रुखवताच्या लाडू-करंज्यांवर ती कधीच लावू नका, ताटाजवळही झटकू नका. उरलेली कागदावर गोळा करून डबीत भरा, मोरीत धुऊ नका. ती ओढ्यात जाते आणि कुजत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर बंदी आणली, ती याच कारणाने.

दुसऱ्यांदा आम्ही वेलीला पिठासारखी आणि काठाला बेगड लावली. ताईंनी दोन्ही बाशिंगं शेजारी ठेवून पाहिली आणि पूर्ण पैसे दिले. तेव्हा बायांनो, ऑर्डर घेण्याआधी नमुना दाखवा आणि गिऱ्हाइकाची पसंती वहीत लिहून घ्या.