ठसका लागतो, पण वास?

दुपारचा चहा टाकायला सून स्वयंपाकघरात जाते, पातेल्यावरचं झाकण काढते आणि तोंड फिरवते. दूध नासलंय. सासूबाई मात्र तेच दूध कपभर पिऊन निवांत बसल्यात.

"आई, तुम्हाला वास नाही आला?"

"कसला वास? चांगलं तर होतं."

संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याच्यापुढे फिर्याद: आई हल्ली कशातच लक्ष घालत नाहीत. भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या कुठल्याही जुन्या बंगल्यात हा संवाद घडू शकतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची राजधानी भोपाळला आली आणि तिच्यामागून सरकारी नोकरीतली कितीतरी मराठी कुटुंबं इकडे आली. तेव्हा आईबापांचं बोट धरून आलेली मुलं आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणजे नेमकी त्या वयात, जिथे स्मृतिभ्रंशाची शंका डोकावू लागते. देशभराच्या 'लासी-डॅड' पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्क्यांना, सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे.

नासलेल्या दुधावरून निघणारा पहिला निष्कर्ष बहुधा निष्काळजीपणाचा असतो. दुसरा नाकाचा: सर्दी असेल, वाफ घ्या. दोन्ही चुकीचे ठरू शकतात, कारण वास घ्यायला सुरुवात नाक करतं, पण तो ओळखतो मेंदू. नाकाच्या छताजवळच्या चेतापेशी चाळणीसारख्या सच्छिद्र हाडातून आपले धागे वर पाठवतात. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात पोचतात. पाहणं, ऐकणं, स्पर्श यांचे संदेश आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतात आणि मग पुढे जातात. वासाला तो नाका लागत नाही. तो थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत शिरतो. म्हणून तर उटण्याचा वास आला की नरक चतुर्दशीची पहाट आठवायला कॅलेंडर लागत नाही.

अडचण तिथेच आहे. जर्मन शास्त्रज्ञ हायको आणि एफा ब्राक यांनी 1991 साली अल्झायमरचा मेंदूतला प्रवास टप्प्याटप्प्याने मांडला. मेंदूच्या बाह्य थरात टाउ प्रथिनाच्या गाठी सुरुवातीला दिसतात त्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे स्मृतीच्या कोठाराच्या, उंबरठ्यावर. वासाची वाटही त्याच उंबरठ्यावरून जाते. घ्राणकंदातही हे बदल लवकर आढळतात. त्यामुळे नावं विसरणं, रस्ता चुकणं सुरू होण्याआधी काही वर्षं वास पुसट होऊ शकतो. पार्किन्सनमध्येही हात थरथरू लागण्याच्या बऱ्याच आधी वास जातो, आणि लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर तो हमखास बिघडतो.

"पण फोडणी टाकली की आईंना ठसका लागतो की! मग वास कसा येत नाही?" हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तसा नाही. मिरचीचा ठसका, कांद्याने डोळ्यांत येणारं पाणी, पुदिन्याचा गारवा ही कामं मुख्यतः ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच चेतेची. ती चेहऱ्याची जळजळ आणि वेदना सांगते. वास साफ गेलेल्या माणसालाही ठसका लागतो. जुने डॉक्टर तर वास गेल्याचं सोंग ओळखायला अमोनिया हुंगायला देत. वास खरोखर गेलेल्यालाही अमोनिया झोंबतो, त्यामुळे "काहीच जाणवलं नाही" म्हणणारा पकडला जाई. भोपाळकरांना हा फरक वेगळा समजवावा लागू नये. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट पसरला, तेव्हा कुणीतरी मिरच्या जाळतंय असं वाटल्याचं अनेकांनी सांगितलं. त्या रात्री डोळे आणि घसा बोलत होते, केवळ नाक नव्हे.

म्हणूनच "वास येतो का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. विचारायला हवं, "कशाचा?" अल्झायमरच्या सुरुवातीला अनेकांना काहीतरी दरवळतंय एवढं कळतं, पण ते जिरं की ओवा हे सांगता येत नाही. वासाला नाव द्यायचं तर आठवण आणि शब्द दोन्ही जागेवर लागतात. बिट्टन मार्केटच्या हाटात कोथिंबिरीची जुडी हुंगून घेणारी बाई आता नुसती बघून घेते, हा बदल घरातल्या चाणाक्ष माणसालाच दिसतो.

वासाच्या चाचण्या आहेत, पण त्यांनाही गाव असतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत 40 वास आहेत. कागद खरवडायचा, हुंगायचा आणि चारांतून एक उत्तर निवडायचं. त्यांत रूट बिअर आहे, विंटरग्रीन आहे, शेपू घातलेल्या लोणच्याची काकडी आहे. हे वास नागपुरातून आलेल्या आजींना ओळखता आले नाहीत, तर दोष मेंदूचा की प्रश्नपत्रिकेचा? भारतीय नाकांसाठी भारतीय वास हवेत, हे ओळखून तशी चाचणी इथल्या पार्किन्सनच्या रुग्णांवर वापरली गेली आहे.

आता उलट बाजूचा गैरसमज, जो जास्त घाबरवतो: वास गेला म्हणजे अल्झायमर आलाच. नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका मोठ्या पाहणीत 80 ते 97 वयाच्या 62.5 टक्के लोकांचा वास कमी झालेला आढळला, आणि त्या सगळ्यांना काही स्मृतिभ्रंश नव्हता. सायनस, नाकातले कोंब, डोक्याला बसलेला मार, तंबाखू, कोविड अशी कितीतरी कारणं असतात. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र डोळ्यांत भरणारा आहे. सहभागी झालेल्यांपैकी एकूण 24.5 टक्के लोकांचा वास चाचणीत कमी निघाला, पण "माझा वास कमी झालाय" असं स्वतः सांगणारे होते जेमतेम 9.5 टक्के. चष्म्याचा नंबर वाढला की माणूस कुरकुरतो, वास गेलेला मात्र त्याच्या गावीही नसतो.

हे न कळणंच बोलकं ठरू शकतं. न्यूयॉर्कमध्ये डी. पी. देवनंद आणि सहकाऱ्यांनी सौम्य विस्मरण असलेल्या 90 जणांचा मागोवा घेतला आणि 2000 साली निष्कर्ष मांडले. ज्यांचे वासाचे गुण कमी होते आणि तरीही "मला व्यवस्थित वास येतो" असं जे म्हणत होते, त्यांच्यात पुढे अल्झायमरचं निदान होण्याची शक्यता अधिक दिसली. सासूबाईंचं "चांगलं तर होतं" हे म्हणून हट्ट असेलच असं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी पीनट बटरची चाचणीही अशीच तपासून घ्यायला हवी. 2013 साली फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या 18 रुग्णांना एकेका नाकपुडीने पीनट बटर हुंगायला लावलं. डाव्या नाकपुडीला ते सरासरी 10 सेंटिमीटर जास्त जवळ न्यावं लागलं, असं त्यांनी नोंदवलं. पीनट बटर निवडलं, कारण ते झोंबत नाही, त्याला निव्वळ वास असतो. पुढच्याच वर्षी डोटींच्या गटाने प्रयोग पुन्हा केला, तेव्हा डाव्या-उजव्यातला तो फरक सापडला नाही. बातमी मात्र आजही ताजी म्हणून येते. घरात फूटपट्टी आणि शेंगदाण्याचं कूट घेऊन आजोबांच्या मागे लागू नये, एवढंच.

दुसरी बातमी सुगंधाने स्मरणशक्ती 226 टक्के वाढल्याची. 2023 सालचा हा कॅलिफोर्नियातला प्रयोग चाळीसेक निरोगी ज्येष्ठांवर होता, स्मृतिभ्रंश झालेल्यांवर नव्हे, आणि आकडा एकाच शाब्दिक चाचणीचा होता. गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग रोज दोनदा हुंगण्याचा सराव संसर्गानंतर गेलेला वास परतायला मदत करतो. त्याने स्मृतिभ्रंश थांबतो असं सिद्ध झालेलं नाही. आजींना लवंग हुंगून बरं वाटत असेल तर हुंगू द्यावी, गोळ्या मात्र बंद करू नयेत.

वासाबरोबर चवही जाते. "भाजी अळणी झालीये" म्हणत वरून मीठ घेतलं जातं आणि रक्तदाब वाढतो. नाहीतर जेवणच कमी होतं. अशा वेळी आधी नाक-कान-घसा तज्ज्ञ, आणि विसरणंही जाणवत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ. तिथे बी-12 आणि थायरॉइडही तपासतात, कारण त्यांच्या कमतरतेमुळे येणारं विस्मरण उपचारांनी सुधारू शकतं.

तोवर घरात काही गोष्टी लगेच करता येतात. दुधाच्या पातेल्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, फ्रिजमधलं शिळं रोज कुणीतरी दुसऱ्याने काढावं. सगळ्यांत आधी शेगडी. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात, आणि ही सोय ज्याला वास येतो त्याच्यापुरतीच. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम दुसऱ्याकडे द्यावं आणि गळती ओळखून वाजणारं यंत्र बसवावं. सिलिंडरचा हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणून ते यंत्र ओट्याच्या खाली, जमिनीलगत लावायचं. छताजवळ लावलं तर ते फार उशिरा वाजेल.