उद्याच्या गावाचा नकाशा

आपले गाव वीस वर्षांनी कसे दिसेल, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? समजा, एका गावाची लोकसंख्या आज ४०,००० आहे आणि ती दरवर्षी शेकडा २.५ या प्रमाणात वाढते. चक्रवाढ व्याजाचे सूत्र वापरून पाहा. वीस वर्षांनी ती सुमारे ६५,५०० होईल. म्हणजे आणखी २५,५०० माणसांना घरे, पाणी, शाळा, दवाखाने आणि रस्ते हवेत. माणसे वाढतील, जमीन मात्र वाढणार नाही. म्हणून तिचा कोणता भाग कशासाठी वापरायचा हे आधीच ठरवावे लागते. या शास्त्राला नगररचना म्हणतात.

हे काम अभियंते आणि नगररचनाकार करतात. मग त्यात तुमच्याआमच्यासारख्या रहिवाशांचे काय काम?

नकाशात न दिसणारी माहिती

मोजणीच्या नकाशावर रस्ते, नाले, टेकड्या, इमारती दिसतात. पण मुसळधार पावसात कोणत्या गल्लीत गुडघाभर पाणी साचते? मे महिन्यात कोणत्या विहिरीला पाणी टिकते? शाळेची मुले कोणत्या पायवाटेने जातात? आठवड्याचा बाजार भरला की रस्ता कोठपर्यंत अडतो? या प्रश्नांची उत्तरे तेथे राहणाऱ्यांपाशी असतात. रहिवासी हा वर्षाचे ३६५ दिवस निरीक्षण करणारा निरीक्षकच असतो.

अर्थात, प्रत्येकाला आपल्याच गल्लीचे निरीक्षण अधिक असते. वरच्या आळीतील पाणी लवकर निघून जावे म्हणून गटार रुंद केले, तर खालच्या आळीत पूर येऊ शकतो. सगळ्यांची निरीक्षणे एकत्र करून, उतार आणि अंतरे मोजून त्यांचा मेळ घालणे हे तज्ज्ञाचे काम. म्हणून दोघेही हवेत.

वनस्पतिशास्त्रज्ञ आणि इंदूरची दिवाळी

हा विचार आपल्या देशात आग्रहाने मांडणाऱ्यांमध्ये एक नाव महत्त्वाचे आहे: पॅट्रिक गेडिस. हे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. सजीव जसा परिसराशी जुळवून घेत वाढतो तसेच शहरही वाढते, असे ते मानत. १९१४ साली ते भारतात आले. १९१५ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातील सहा गावांच्या पुनर्रचनेवर अहवाल लिहिले. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक.

वैद्य जसा रोगाचे निदान केल्यावाचून औषध देत नाही, तसेच पाहणी केल्यावाचून शहराला हात लावू नये, हे त्यांचे सूत्र. ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. सरळ रस्त्यासाठी सगळी वस्ती पाडण्याऐवजी मोडकळीला आलेली मोजकी घरे काढून हवा आणि उजेड आत आणावा, असे ते सुचवीत.

१९१७ साली होळकरांच्या इंदूर संस्थानात ते काम करत होते. शहरात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक ठरवली आणि जाहीर केले, की जे रस्ते सर्वांत स्वच्छ होतील त्यांवरूनच ती जाईल. मग काय! लोकांनी घरे रंगवली, डागडुजी केली, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. शेवटी त्यांचे दहन झाले. स्वच्छ पांढऱ्या पोशाखातील सफाई कामगारांना मिरवणुकीत मानाचे स्थान होते. नव्या शहराची कल्पना कागदावरून अशी रस्त्यावर, लोकांपर्यंत आली.

कायद्याने दिलेला हक्क

आज महाराष्ट्रात हे काम १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार चालते. प्रथम पाहणी करून आज कोणत्या जमिनीचा काय उपयोग होतो याचा नकाशा तयार होतो. त्यावरून विकास योजनेचे प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, बनते. शाळा, मैदान, बाजार, रस्ते यांसाठीच्या जागा त्यात राखून ठेवतात, हेच आरक्षण. मग प्रारूप जाहीर होते आणि ३० दिवसांत कोणाही नागरिकाला हरकती व सूचना लेखी देता येतात. समिती त्यांवर सुनावणी घेते आणि शेवटी राज्य सरकार मंजुरी देते.

या हक्काने काय साधते? फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचे प्रारूप प्रसिद्ध झाले. लोकांनी आपापला भाग नकाशात शोधला, तेव्हा अनेक चुका सापडल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते दाखवले होते! हजारो हरकती आल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने ते प्रारूप नव्याने करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि २०१८ मध्ये मंजूर झाले. तीन वर्षे जास्त लागली खरी. पण चूक कागदावर खोडणे सोपे, सिमेंटमध्ये झाली की कठीण.

सगळ्यांचे समाधान होतेच असे नाही. रस्ता रुंद झाला की कोणाचे तरी अंगण जाते. कचरा डेपो हवा, पण आपल्या घराजवळ नको, असे प्रत्येकाला वाटते. अशा वेळी निर्णय उघडपणे, कारणे सांगून झाला, तर तो पटण्याची शक्यता वाढते.

योजना मंजूर झाली म्हणजे काम संपले, असेही नाही. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. नकाशावरचे हिरवे मैदान असे कायमचे जाऊ शकते. म्हणून नागरिकांनी पुढेही लक्ष ठेवावे लागते.

तुम्हीही करून पाहा

शाळेभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरचा नकाशा काढा. घरे, दुकाने, मोकळी जागा, शेती यांना वेगवेगळे रंग द्या. पाणी साचण्याच्या जागा आणि धोक्याचे चौक यांवर खुणा करा. पाच वृद्धांना विचारून पूर्वीचे ओढे व विहिरी नोंदवा. मग नगरपालिकेत जाऊन आपल्या गावाची विकास योजना पाहा आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवून ताडा. जो फरक दिसेल तो शिक्षकांच्या मदतीने लिहून कळवा. पुढच्या आराखड्याच्या वेळी तुम्ही मोठे झालेले असाल. नकाशा वाचण्याची सवय मात्र आजच लावून घ्यायला हवी.