पाठीच्या दुखण्याचा पुरावा कोणी द्यावा?

बंदुकीच्या गोळीने झालेल्या जखमेला तारीख असते. पाठीच्या दुखण्याला ती नसते. माजी सैनिकांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या प्रश्नातील बरीचशी गुंतागुंत या एका फरकातून निर्माण झाली आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला सैन्यसेवेची परंपरा नवी नाही. शिरोळ तालुक्यातील एका गावाचे ‘सैनिक टाकळी’ हे नावच तिची साक्ष देते. मलकापूर-शाहूवाडीच्या डोंगराळ भागातूनही तरुण भरतीला जातात. पाठीवर ओझे घेऊन केलेल्या चढाया, खडबडीत वाटांवरील वाहनांचे हादरे, एखादी घसरण, या सर्वांचा आघात मणक्यांवर साचत जातो. मणक्यांची झीज किंवा सरकलेली चकती पुष्कळदा चाळिशीच्या सुमारास उघड होते. आणि मग ‘हा विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही, बळावलेलाही नाही’ असा वैद्यकीय मंडळाचा शेरा सैनिकाच्या हाती पडतो.

धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली या बाबतीत महत्त्वाचे तत्त्व सांगितले. तो खटला फेफऱ्याचा होता. परंतु तत्त्व व्यापक आहे. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल, तर तो सेवेतूनच आला असे सामान्यतः गृहीत धरावे. तसे नसल्यास मंडळाने कारणे लेखी द्यावीत. अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हे योग्यच आहे. दवाखान्याच्या नोंदी, बदल्यांचे कागद, अपघाताचे अहवाल शासनाच्या ताब्यात असतात. माहिती ज्याच्याजवळ आहे, सिद्धतेचा भार त्यानेच उचलला पाहिजे.

यावर आक्षेप असा, की पाठ शेतकऱ्याची आणि कारकुनाचीही दुखते. वयोमानाने आलेल्या दुखण्याचा बोजा खजिन्याने का सोसावा? हा आक्षेप निराधार नाही. मात्र त्याचे उत्तर निवृत्तीनंतरच्या संशयात नसून सेवेतील वेळच्या वेळी केलेल्या नोंदीत आहे.

ही नोंद किती मोलाची, हे थोड्या हिशेबाने कळेल. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के भत्ता, असे प्रमाण आहे. सेवाकाल पूर्ण करणाऱ्यांचेही २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरावे, असा राम अवतार खटल्याचा २०१४ चा निकाल आहे. म्हणजे वेतनाच्या १५ टक्के. तेच अपंगत्व १९ टक्के ठरले, तर २०१९ च्या निकालानुसार अशा सैनिकाच्या पदरी काहीच पडत नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. त्यामुळे निवृत्तीची तारीख प्रथम पाहावी.

गावातील माजी सैनिकांचे अर्ज लिहून देण्याचे काम पुष्कळदा शिक्षक व कारकून यांच्याकडेच येते. त्यांनी अर्जात व्यथेचे वर्णन लांबवण्याऐवजी भरतीवेळचा वैद्यकीय अहवाल, उपचारांच्या नोंदी आणि मंडळाची लेखी कारणे मागावीत. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबईत खंडपीठ आहे. तेथेही अखेर कागदच बोलतो. आणि आज भरतीला निघालेल्या विद्यार्थ्याला एवढे सांगावे, की पडलास तर लाजू नकोस. त्याच दिवशी नोंद करून घे.