ऑस्करसाठी टाकी केवढी?

ॲमेझॉन खोऱ्यातला ऑस्कर मासा दुकानात बोटभर दिसतो. नीट खाऊ घातल्यास वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणून टाकी पूर्ण वाढलेल्या माशाच्या मापाने घ्यावी. एकट्या ऑस्करला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे २५० लिटरची टाकी किमान हवी. जोडीला सहा फूट लांब, दोन फूट रुंद. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची. फूटभर रुंदीच्या टाकीत एवढ्या माशाला शेपटी काचेला न घासता वळताच येत नाही, आणि असे कोंडून ठेवणे क्रूरच. शिवाय हा मासा खादाड. थोड्या पाण्यात त्याच्या विष्ठेमुळे अमोनिया झपाट्याने वाढतो. भरलेली टाकी काच-वाळूसह ३०० किलोंच्या पुढे जाते, तेव्हा स्टँड भक्कम लोखंडी घ्यावा.