पांढरं पान बसून खातं

जूनमध्ये पाऊस लागला की कोल्हापूरचं आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही. साध्या मनीप्लांटला त्याचं काही वाटत नाही. पांढऱ्या पट्ट्यांच्या 'अल्बो' मॉन्स्टेराची मात्र कसोटी लागते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिथे अन्न तयार होत नाही. हिरवा भाग कमावतो, पांढरा बसून खातो.

या वेलीच्या वाढत्या शेंड्यात दोन प्रकारच्या पेशी शेजारी नांदतात. काहींना हरितद्रव्य बनवता येतं, काहींना नाही. अशा झाडाला 'कायमेरा' म्हणतात. ही नक्षी बियांतून भरवशाने उतरत नाही, म्हणून खोडाचा तुकडाच लावावा लागतो. पैसे मोजण्याआधी त्याच्या पेरावर, डोळ्याजवळ, पांढरी रेघ आहे ना, हे बघाच. पुढे नुसती हिरवी किंवा नुसती पांढरी पानं येऊ लागली, तर शेवटच्या पट्टेरी पानापर्यंत वेल मागे छाटायची. जिवावर येतं, पण इलाज नाही.

जागा खिडकीजवळची हवी. दुपारचं ऊन नको, पांढरा भाग करपतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. त्यापेक्षा नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं गांडूळखत बरं. मेक्सिको ते पनामाच्या जंगलात ही झाडांवर चढते. घरी काथ्याचा खांब दिला की पानं मोठी होतात.

मांजर असेल तर वेल उंचावर ठेवा. ही अळूच्याच कुळातली. पानांतले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक तोंडाची आग करतात.