सुपारीपलीकडचे गाणे

परळी वैजनाथसारख्या मराठवाड्यातील गावात ‘बँड’ म्हटले की वरातीपुढे क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल वाजवीत चालणारे गणवेशातील वादक डोळ्यांसमोर येतात. सुपारी घेणे, म्हणजे विसार स्वीकारून कार्यक्रम पक्का करणे, आणि मग वऱ्हाडाची फर्माईश असेल ते चित्रपटगीत वाजवणे हा या व्यवसायाचा रिवाज असून त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र चार-पाच वादकांनी एकत्र येऊन स्वतःच रचलेली गाणी स्वतःच वाजवायची, आणि मागणी नसतानाही तीच वाजवत राहायची, हा बँड या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याकडे फार उशिरा रुजला.

मुंबईतील गिटारवाद्यांचे बँडही आरंभी फर्माईशीवरच जगत होते. १९७०च्या सुमारास एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांनी अशा बँडना व्यासपीठ दिले, तरी श्रोत्यांना हवी असत ती गाजलेल्या इंग्रजी गाण्यांची हुबेहूब आवर्तने, ज्यांना ‘कव्हर’ म्हणतात. १९८४ साली महेश तिनईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या ‘रॉक मशीन’ने ही चाकोरी मोडली. विद्युत गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेची वेटोळी असतात; वरची तार कंप पावली की त्या वेटोळ्यांत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो वाढवून कर्ण्यापर्यंत पोचवतो. हा आवाज धोबीतलाव येथील रंगभवनाच्या उघड्या रंगमंचावरून घुमू लागला, आणि १९८८ मध्ये उदय बेनेगल यांच्या गायनासह ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा स्वरचित गाण्यांचा संच निघाला. भारतीय बँडने स्वतःच्या इंग्रजी रचनांवर विसंबून राहण्याचे हे धाडस होते, आणि त्याचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही.

१९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. जुने नाव कोणत्याही देशातल्या बँडला चालले असते. नव्या नावात सिंधू नदी आली, आणि हे केवळ पाटी बदलणे नव्हते. १९९५ साली त्याच नावाचा संच आला, परंतु बाजारपेठ चित्रपटसंगीताच्याच हाती होती आणि १९९७ मध्ये बँड विखुरला. बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले.

आपल्या मातीचा शोध ऑस्ट्रेलियातील ‘द गो-बिटवीन्स’ या बँडनेही घेतला होता. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या ब्रिस्बेनच्या दोन विद्यार्थ्यांनी १९७७ मध्ये तो स्थापला आणि पहिली तबकडी एका छोट्या, खासगी कंपनीकडून काढली. त्यांची शैली ‘गिटार पॉप’, म्हणजे गोंगाटापेक्षा गिटारच्या स्वच्छ सुरावटीवर आणि शब्दांवर भर देणारी. मॅक्लेनन यांनी लंडनमध्ये राहत असताना रचलेले आणि १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘कॅटल अँड केन’ हे त्यांचे गाणे क्वीन्सलँडमधील गुरे, उसाचे फड आणि त्यांतून घरी परतणारा शाळकरी मुलगा यांच्या आठवणींचे आहे. त्याच्या कडव्यांत पाच, दोन आणि चार असे अकरा ठोके येतात, त्यामुळे रूपकाच्या सात किंवा केरव्याच्या आठ मात्रांना सरावलेला कान तेथे क्षणभर अडखळतो, जशी आठवण अडखळते. दिवाळीच्या सुमारास ज्या बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, तेथील वाचकाला उसाच्या फडाचे हे गाणे परके वाटू नये. फरक इतकाच की मॅक्लेनन यांच्या फडात बालपणाची ऊब आहे, तर बीडच्या कुटुंबांसाठी फड हे मुलाची शाळा सुटण्याचे ठिकाण आहे.

समीक्षकांनी गौरवूनही मोठा खप न लाभलेला हा बँड १९८९ मध्ये फुटला, २००० साली पुन्हा जुळला आणि २००६ मध्ये मॅक्लेनन यांच्या निधनाने संपला. ‘इंडस क्रीड’ २०१० मध्ये नव्या वादकांसह पुन्हा एकत्र आला व २०१२ साली त्याचा ‘इव्हॉल्व्ह’ हा संच आला. त्याच २०१० मध्ये ब्रिस्बेन शहराने आपल्या नदीवर बांधलेला नवा पूल ‘गो बिटवीन’ या नावाने वाहतुकीस खुला केला. मुंबईत मात्र रंगभवन शांतता क्षेत्रात मोडत असल्याने तेथील मैफली त्याआधीच बंद झाल्या होत्या.