आज्ञावलीचे स्थलांतर आणि तिच्यासोबतची यादी



स्थलांतर म्हणजे काय, हे मुळशीच्या माणसाला नव्याने सांगावयास नको. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या सत्याग्रहाचे नेतृत्व केले, तो धरणाखाली जाणाऱ्या आपल्याच गावांसाठी होता. गाव उठले की नुसते घर बदलत नाही; शेताची वाट, पाणवठा, देवाचे ठाणे, सगळ्यांचे पत्ते बदलतात. आज मी ज्या स्थलांतराविषयी बोलणार आहे, ते मात्र संगणकातील आज्ञावलीचे आहे.

हा विषय मी का घेतला? आपल्याच तालुक्यात हिंजवडीला हजारो मुलेमुली संगणकाच्या कामावर जातात. त्यांच्यातील काहीजण मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकांवरील जुन्या आज्ञावल्या सांभाळतात. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कचेरीत संगणक बसविण्यास कर्मचारी संघटनेने कसून विरोध केला होता. नोकऱ्या जातील ही त्यांची काळजी खोटी नव्हती. परंतु ज्या यंत्रापाशी आपला माणूस दिवसभर बसतो, ते आतून कसे चालते हे संघटनेच्या कार्यकर्त्यालाही कळले पाहिजे, असे मला वाटू लागले. माझे शिक्षण थोडे. या मुलांना विचारून व पुस्तके चाळून जे समजले, ते सांगतो.

संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेली खणांची रांग. प्रत्येक खणास क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. यंत्राला केवळ आकडे कळतात, माणसाला नावे सोयीची. म्हणून माणूस ‘भत्ता’, ‘पगार’ अशी नावे घालून आज्ञा लिहितो आणि असेम्ब्लर नावाची आज्ञावली त्यांचे आकडे करून देते. हे काम बहुधा दोन फेऱ्यांत होते. पहिल्या फेरीत कोणते नाव कितव्या खणावर पडते याची नोंदवही तयार होते, दुसऱ्या फेरीत ती पाहून आज्ञा आकड्यांत उतरतात. दोन फेऱ्या अशासाठी की, पुढे येणाऱ्या नावाचा उल्लेख आधीच येऊ शकतो.

आता खरी अडचण पाहा. आज्ञावली स्मृतीत शेवटी कोठे बसेल, हे असेम्ब्लरला ठाऊक नसते. तो आपला शून्यापासून मोजू लागतो. समजा, भत्त्याचे कोष्टक ४०० व्या खणावर आले आणि १२० व्या खणात त्या कोष्टकाचा पत्ता, म्हणजे ४००, लिहिला. उद्या ही आज्ञावली २०००० पासून पुढे बसविली, तर कोष्टक जाईल २०४०० वर. पण पत्त्याच्या खणात ४०० च राहील. तेथे दुसऱ्याच कोणाचा संसार मांडलेला असेल!

यावर उपाय असा की, असेम्ब्लर तयार मालासोबत एक यादीही देतो. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली. तिच्यात हा माल ८० रकान्यांच्या कार्डांच्या साच्यात निघे. मुख्य कार्डे चार जातींची. ईएसडी कार्डावर नावे असतात: या तुकड्यात कोणती नावे आहेत आणि बाहेरून कोणती हवी आहेत. टीएक्सटी कार्डावर प्रत्यक्ष आज्ञा व आकडे. एका कार्डावर जास्तीत जास्त ५६ बाइट. आरएलडी कार्डावर स्थलांतराची यादी. एंड कार्ड आले की माल संपला.

आरएलडीची एकेक नोंद चार गोष्टी सांगते: दुरुस्त करावयाचा पत्ता कोणत्या विभागात आहे, तेथे नेमका कोठे व किती बाइटांचा आहे, कोणाच्या नव्या जागेप्रमाणे दुरुस्त करावयाचा, आणि मिळवावयाचे की वजा करावयाचे. लिंकेज एडिटर वेगवेगळे तुकडे जोडून त्यांतील नावांची गाठ घालतो आणि जरूर ती यादी पुढे देतो. अखेर आज्ञावली स्मृतीत उतरविताना २०००० मिळविले जातात व त्या खणात २०४०० येतात.

ही यादी फार लांबत नाही, याचीही कारणे आहेत. बहुतेक आज्ञांत पत्ता ‘अमुक मूळ ठिकाणापासून इतक्या अंतरावर’ असा असतो. हे अंतर ४०९५ पर्यंत चालते. ‘देवळापासून तिसरे घर’ म्हटल्यासारखेच हे. देवळासकट वाडी हलली तरी खूण चुकत नाही. तसेच एकाच विभागातील दोन खणांमधील अंतर लिहिले असेल, तर विभाग कोठेही गेला तरी ते तेवढेच राहते.

पण यादीत जे आले नाही, त्याचे काय? एका कारखान्यातील पगाराच्या आज्ञावलीत कोणीतरी घाईने कोष्टकाचा पत्ता नावाने न लिहिता नुसत्या आकड्याने लिहिला होता. आकडा पाहून असेम्ब्लरला हा पत्ता आहे हे कसे कळावे? त्याने नोंद केली नाही. आज्ञावली नेहमीच्या जागी बसत होती तोवर सारे सुरळीत होते. एकदा ती दुसरीकडे बसली आणि दोन पाळ्यांच्या माणसांच्या पगारपत्रकांवर भलतेच भत्ते उमटले. माणसांनी कचेरीत हेलपाटे घातले. अखेर आमच्यातील एका मुलीने यादी व आज्ञा समोरासमोर ठेवून चूक हुडकली. आकड्याच्या जागी नाव लिहिले, यादीत एक नोंद वाढली आणि हिशेब जुळला.

आजही आयबीएमच्या मेनफ्रेमवरील असेम्ब्लर ८० बाइटांचा तो जुना साचा देऊ शकतो. जोडीला गोफ नावाचा नवा साचाही आला आहे. साचा बदलला, रीत तीच राहिली: हलविण्यापूर्वी, कोण कोणावर अवलंबून आहे हे नावानिशी लिहून ठेवणे.

धरणग्रस्तांच्या कामात आम्हांला हेच दिसते. ज्याचे नाव कागदावर नाही, त्या कुळाला आणि मजुराला भरपाईसाठी उंबरे झिजवावे लागतात. आज्ञावलीतील राहिलेली नोंद एका दिवसात घालता येते. माणसांची यादी करताना ती सवड नसते. म्हणून ती आधी, गावात बसून, घरटी विचारूनच करावी लागते.